बिस्किटांसारखे की मोज्यांसारखे

सोमवार, ३

मिरीला मोजता येत नाही. बालवाडीच्या ताईंनी आज शाळेच्या फाटकाशी हे सांगितलं आणि पाठोपाठ मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून त्याला दुजोरा दिला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच धडकी भरते.

ताईंनी मिरीला चित्रं दाखवली होती. सहा बदकं दाखवली, तर म्हणाली तीन. आठ फुगे दाखवले, तर म्हणाली चार. पाच पानं दाखवल्यावर बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, दोन, आणि एक एकटं. बाकीची मुलं वीसपर्यंत धाडधाड जातात. मोठ्या बाई म्हणाल्या, घाई नाही, तीन आठवड्यांनी त्या स्वतः मिरीला बघतील. तेव्हाही असंच असलं तर तिला पहिलीत न बसवता आणखी एक वर्ष बालवाडीत ठेवावं लागेल. वर म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे वाईट वाटण्यासारखं आहे तर.

मला वाईट वाटण्याआधी आश्चर्यच वाटलं. कारण आमच्या घरी मिरी ही आकड्यांची माणूस म्हणून ओळखली जाते. मी मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. आतून दिवा असलेल्या काचेच्या पायावर मोजा चढवायचा, फिरवून बघायचा, टाका सुटलेला दिसला की तिथे लाल बाण चिकटवायचा, हे माझं काम. बाण लागलेला माल विकत नाहीत, तो आम्हाला घरी न्यायला मिळतो. पण मिळतात ते एकेकटे मोजे, कारण जोडीतला दुसरा ठणठणीत असतो. पिशवी आली की मिरी आणि मी जमिनीवर फतकल मारून जवळपासच्या रंगांच्या जोड्या लावतो. आमच्या घरात एकाही माणसाच्या दोन्ही पायांत सारखे मोजे नसतात. बोलायला लागली तेव्हापासून ती हे करते आहे. किती झाले विचारलं की डोळे न उचलता सांगते, "सहा झाले, एक एकटा." आमच्यात मोजे मोजायचे म्हणजे जोड्याच मोजायच्या, कारखान्यात चालतं तसंच. आणि ती कधी चुकत नाही.

मग हीच मुलगी बदकांपुढे का गडबडली? बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. पोरीला सगळं अर्धंच दिसतं की काय, अशी शंका येऊन तिने संध्याकाळी मिरीला थेट दुकानातच नेलं. डोळे उत्तम आहेत. मिरीला फक्त ती उंच होणारी खुर्ची आवडली.

मंगळवार, ४

बातमी मिरीच्या आत्यापर्यंत पोचली. कशी पोचली ते बायको सांगत नाही. आत्या फोनवर म्हणाली, अरे, तुम्ही दोघं पोरीला नुसतं खेळवता, बसवत नाही. तिचा मुलगा चौथ्या वर्षी तीसपर्यंत पाढे म्हणायचा. हे आम्हा सगळ्यांना चांगलं ठाऊक आहे, कारण तो ते आमच्या लग्नात माइकवर म्हणाला होता. आता सात आठे किती असं विचारलं तर तो खिशातून फोन काढतो, पण मोठ्या बहिणीला हे सुनावायची माझी छाती नाही.

तिचं म्हणणं थोडक्यात असं: दिसेल ते मोजून घे, आणि चुकलं की तिथल्या तिथे सांग. चुकलं की तिथल्या तिथे सांगायचा मला कारखान्यात पगार मिळतो. म्हटलं, हे तर जमेल.

गुरुवार, ६

सुरुवात केली. प्रगती नाही.

मिरीच्या ताटात दहा वाटाणे मोजून ठेवले आणि किती आहेत विचारलं. म्हणाली पाच. म्हटलं, नीट बघ. तिने नीट बघितलं, दोन वाटाणे खाल्ले आणि म्हणाली, आता चार. म्हणजे खाल्ले दोन आणि कमी झाला एक. पोरीची वजाबाकीही कच्ची आहे, हे आज नव्याने कळलं. मग माझ्या सदऱ्याची बटणं मोजायला लावली. सात आहेत. तिचं उत्तर, तीन, आणि गळ्याजवळचं एकटं. मी म्हटलं, चूक, पुन्हा. तिने पुन्हा मोजली, उत्तर तेच. म्हटलं, पुन्हा. तिसऱ्या वेळी तिने गळ्याजवळचं बटण एवढ्या जोरात ओढलं की ते हातात आलं. आणि म्हणाली, "आता तीन. आता बरोबर?"

एकच चूक, आणि इतक्या सातत्याने. अशी चूक यंत्रात असती तर मी म्हटलं असतं, कुठलीतरी एक सुई वाकडी आहे.

रविवार, ९

दुकानातून मोजायच्या चित्रांचं पुस्तक आणलं. मिरीने पहिलं पान आनंदाने केलं. दहा चित्रांपैकी नऊ चुकली. जे बरोबर आलं त्यात एकही मासा नव्हता, नुसतं रिकामं तळं होतं. मी सवयीने खिशातले लाल बाण काढले आणि जिथे चुकलं तिथे एकेक चिकटवला. मला वाटलं, तिला गंमत वाटेल, बाबाच्या कारखान्यातले बाण. तिने पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि विचारलं, "हे आता विकायला नाही जाणार?"

मी हसलो. बायको हसली नाही. मिरी खेळायला गेल्यावर म्हणाली, "तू तिला शिकवतोयस की तपासतोयस?"

मी म्हटलं, मुलीचं एक वर्ष जायची वेळ आली आहे आणि तू शब्दांचा कीस काढतेस. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. आमच्या घरात कोणी असं गप्प राहून घड्या घालायला लागलं की समजायचं, दुसऱ्याचं चुकलं आहे.

गुरुवार, १३

नवीन संकट. मिरीने आता सगळ्याला एकच उत्तर ठरवलंय. चमचे किती, शंभर. खिडक्या किती, शंभर. नाकं किती, शंभर. सकाळी बायकोने सहज विचारलं, किती वाजता उठवू तुला, तर तेही शंभर. बायको हसून हसून बेजार झाली. मला वाटलं निदान शंभर तरी येतंय, आत्याला कळवावं.

पण संध्याकाळी पिशवी आणली, आतले मोजे जमिनीवर ओतले आणि मिरीला हाक मारली, तर ती आली नाही. दारातच उभी राहिली. मी म्हटलं, चल, जोड्या लावू, किती होतात बघू. ती म्हणाली, "मला मोजायचं नाही." आणि आत गेली.

बदकं चुकली तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. मी एकट्यानेच थोड्या जोड्या लावल्या. मजा नाही आली. ढीग तसाच पिशवीत कोंबला.

तिला एक वर्ष मागे ठेवतील याची भीती मला होतीच. आज दुसरी भीती वाटली, आणि ती जास्त मोठी आहे. वर्ष भरून काढता येतं. पण कुणी न सांगता जमिनीवर रंगांच्या जोड्या लावत बसायची, ते गेलं तर मी कुठून आणू?

सोमवार, १७

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण बायकोला सांगताना मी दोनदा मधूनच सुरुवात केली.

कारखान्यात बांधणीच्या टेबलावर एक नवीन बाई लागल्या आहेत. आधी बिस्किटांच्या कारखान्यात होत्या. हात चलाख, बोलणं त्याहून चलाख. त्यांना सांगितलं होतं, एका खोक्यात बारा. दुपारी मी खोकी उघडून बघतो तर निम्मी रिकामी, आणि वरची जागा बाईंनी चुरगाळलेला कागद कोंबून भरलेली. मी म्हटलं, बाई, बारा भरायचे होते. त्या म्हणाल्या, दादा, बाराच आहेत, मोजून घ्या. मी एक खोकं टेबलावर उलटं केलं आणि म्हटलं, हे बारा कुठे, हे सहा आहेत.

बाईंनी आधी मोज्यांकडे बघितलं आणि मग काळजीने माझ्याकडे.

"मला बारा दिसतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सहाच दिसतात का?"

मी तोंड उघडलं, इथे जोडी मोजतात हे सांगायला, आणि तसाच राहिलो. बदकं डोळ्यापुढे आली. एकामागे एक सहा बदकं, मग दोन दोन करून तीन. मग दहा वाटाणे. दोन खाल्ले, एक कमी झाला. अहो, बरोबरच होतं ते. पोरीची वजाबाकी पक्की होती. मी मागच्या खोक्यावर बसलो. ते बाईंनी भरलेलं होतं, त्यामुळे मी थेट आत गेलो. बाई म्हणाल्या, "तरी मला वाटलंच, खोकी मोठी आहेत."

म्हणजे मिरी एकदाही चुकलेली नाही. तिला आम्हीच असं मोजायला शिकवलं, आणि सुई वाकडी आहे म्हणून मी आठवडाभर तिच्याच कपाळावर बाण चिकटवत होतो.

धावत घरी आलो. बायकोला सांगितलं. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग परत हसली. मला लगेच खात्री करून घ्यायची होती. सात चमचे मांडले आणि मिरीला बोलावलं. बायको म्हणत होती आज नको, पण मी ऐकलं नाही. मिरीने चमच्यांकडे बघितलं. ओठ हलले, मला दिसलं. मग तिने ओठ घट्ट मिटले.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू बाण लावतोस."

मंगळवार, १८

ताईंना फाटकाशी गाठून सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की फाटकावरच्या शिपायाने पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, आता मला ती पानं कळली, दोन आणि एक एकटं, मी घरी जाऊनही त्याचाच विचार करत होते. पण त्यांनी एक गोष्ट सरळ सांगितली. त्या मोठ्या बाईंच्या कानावर घालतील, तरी सोमवारी मिरीला तोंड उघडावं लागेल. मूल काहीच बोललं नाही तर मोठ्या बाई तरी काय करणार. आणि गेला आठवडाभर मिरी वर्गातही आकड्याचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघते.

म्हणजे आजार कळला, पण तो औषधानेच झालेला.

आत्याचा फोन. ती म्हणाली, जोड्यांचं खूळ आधी डोक्यातून काढून टाक. मी म्हटलं, बघतो. बायको म्हणाली, तू काही बघू नकोस. आठवडाभर कुणी कुणाला काही विचारायचं नाही, "किती" हा शब्द या घरात बंद. आठवडा आपल्याकडे नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तेही मोजू नकोस."

गुरुवार, २०

शब्द न उच्चारता राहणं फार अवघड आहे. काल चहात साखर घालताना बायकोला खुणेने विचारावं लागलं.

संध्याकाळी पिशवी ओतून एकटाच बसलो. मिरी सोफ्यावर पाय वर घेऊन चित्राचं पुस्तक बघत होती, ते उलटं धरलेलं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मोजे लावत राहिलो. शेवटी स्वतःशीच म्हणालो, नऊ, आणि एकटा कुणीच नाही.

"आहे," सोफ्यावरून आवाज आला.

मी सगळा ढीग पुन्हा चाळला. नव्हता. इतकी वर्षं दिव्यापुढे टाके बघणारा माणूस मी, मला सापडेना. मिरीला हसू आवरेना. ती पुस्तकासकट खाली घसरली आणि बुडाखालून एक हिरवा मोजा काढला. मी जोड्या लावत असतानाच तिने तो पळवला होता आणि बाबाला कळतं का बघत बसली होती. म्हणजे ती मला तपासत होती. हे मी कुणालाही सांगणार नाही, निदान कारखान्यात नाही.

मग तिने तो एकटा मोजा हातात घेऊन घरभर हिंडवला आणि दोरीवरून तिच्या आईचा एक राखाडी एकटा काढून आणला. दोघांना शेजारी ठेवलं. बराच वेळ बघितलं.

"दोन ढिगांतले एकटे भेटले," ती म्हणाली, "की कुणीच एकटं उरत नाही."

"नेहमी?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. तिने हा शब्द कुठून काढला कोण जाणे, मला सुचला नसता.

मिरीने जेवायची वेळ होईपर्यंत मोज्यांचे ढीग करून करून पाहिले. नेहमी. मला उठून नाचावंसं वाटत होतं, आत्याला फोन करावासा वाटत होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. जेवताना तिने ही बातमी तिच्या उशीलाही सांगायची आहे असं जाहीर केलं.

शनिवार, २२

एक अडचण उरली होती. लोक बदकं एकेक करून मोजतात हे तिला सांगायचं, पण तुझं चुकलं असं न म्हणता. मी दोन दिवस वाक्यं जुळवत होतो. एकही धड होईना. शेवटी फिरायला गेल्यावर तिला बिस्किटवाल्या बाईंची गोष्ट सांगितली, मी खोक्यात पडलो त्यासकट. तो भाग तीन वेळा सांगावा लागला.

मग तिने विचारलं, बाईंना जोडी दिसत नाही का? मी म्हटलं, दिसते, पण त्या बिस्किटं मोजायच्या, आणि बिस्किटाला जोडीदार नसतो. एकच खाल्लं तरी चालतं. मिरी थोडं चालली. वाटेतल्या बाकांवर, दिव्याच्या खांबांवर, एका माणसाच्या कुत्र्यावर तिची नजर फिरत होती. कुत्र्यापाशी थांबली. पाय बिस्किटांसारखे मोजले तर चार, ती म्हणाली, आणि मोज्यांसारखे मोजले तर दोन. मग तिने कुत्र्याच्या मालकाला विचारलं की तुम्ही कसे मोजता. त्या सद्गृहस्थांनी कुत्र्याला जवळ ओढलं आणि वाट बदलली.

सोमवारचं मी तिला काही बोललो नाही. तयारीही घेतली नाही. बायको म्हणाली, तुझ्या चेहऱ्यावरून ती ओळखेल. म्हणून चेहरा शक्यतो वर्तमानपत्रामागे ठेवतो आहे.

सोमवार, २४

मोठ्या बाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर एका बुटक्या खुर्चीवर बसलो होतो, त्यामुळे हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. बाकीचं ताईंनी नंतर सांगितलं.

मोठ्या बाईंनी लाकडी ठोकळ्यांचा डबा टेबलावर उपडा केला आणि किती आहेत विचारलं. मिरी काही बोलेना. मला आत जाऊन सांगावंसं वाटलं की बाई, हिला येतं. खुर्ची इतकी बुटकी होती की पटकन उठताच आलं नाही, आणि तेच बरं झालं.

"बिस्किटांसारखे मोजू की मोज्यांसारखे?" मिरीने विचारलं.

ताईंना ठसका लागला. मोठ्या बाई जराही न हसता म्हणाल्या, "दोन्ही सांग."

"बिस्किटं अकरा. मोजे पाच, आणि एक एकटा."

मोठ्या बाईंनी एक ठोकळा स्वतःच्या मुठीत घेतला. आता? दहा बिस्किटं, मोजे पाच, एकटा तुमच्याकडे, मिरी म्हणाली. आणि मग तिने उलट विचारलं की तुमचा चष्मा एक की दोन. ताई सांगतात, मोठ्या बाईंनी चष्मा काढून हातात घेतला, काचांकडे बघितलं, आणि असं कुणी विचारलं नव्हतं हे कबूल केलं. मिरी म्हणाली, माझ्या आईला विचारा, तिला माहीत असेल.

बाहेर येऊन मोठ्या बाई मला एवढंच म्हणाल्या की मिरी वर्गाबरोबर पहिलीत बसेल. आणि जाता जाता थांबून विचारलं, घरी कोण शिकवतं हिला? मी म्हटलं, कुणी नाही. या महिन्यात मी एवढं खरं दुसरं काही बोललो नसेन.

आत्याला कळवलं. ती म्हणाली, बघ, बसवल्याचा फायदा झाला की नाही.

बुधवार, २६

स्वयंपाकघरातली तिपाई फरशीवर करकर वाजते, म्हणून मिरीने आज तिला मोजे घातले. तीन पाय, तीन मोजे. तिसरा घालताना तिचा हात थांबला. हे बिस्किटांसारखंही नाही आणि मोज्यांसारखंही नाही, तिने सांगितलं, हे तिपाईसारखं.

मग अख्खा ढीग तिपाईसारखा लावून झाला. दहा मोजे होते. तीन तिपाया आणि एक एकटा. कपाटातला जुना ढीग काढला, त्यात सात. दोन तिपाया आणि एक एकटा. मिरीने दोन्ही एकटे हातात धरले आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. हे दोघं उद्या भेटणार, ती म्हणाली, मग कुणीच उरणार नाही. आजच का नाही, तर झोप आली आहे.

माझं तोंड उघडलं होतं. बायकोने टेबलाखालून पाय मारला. गरज नव्हती, मी ते मिटणारच होतो.

उद्या कारखान्यातून आलो की दोन्ही ढीग एकत्र होतील. मिरीने आम्हा दोघांना बसायच्या जागाही नेमून दिल्या आहेत. सतरा मोज्यांच्या पाच तिपाया होतील आणि दोन मोजे उरतील. हे मला माहीत आहे, तिच्या आईला माहीत आहे, आणि आम्ही दोघंही गप्प बसणार आहोत.